वर पाहणारी मिरची

हिवाळ्याच्या तोंडावर एखाद्या रोपवाटिकेत गेलात, तर शेवंती आणि झेंडूच्या रांगांच्या कडेला हातभर उंचीचे एक झुडूप हमखास दिसते. पानांच्या माथ्यावर निरांजनाच्या वातींसारख्या ताठ उभ्या, बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या. एकाच फांदीवर एक जांभळी, एक फिकट पिवळी, एक नारिंगी आणि एक लालभडक. बघणारा थबकतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “ही खायची की शोभेची?” उत्तर “शोभेची” असे आले की निम्मे लोक पुढे सरकतात. उरलेले कुंडी घरी नेतात, दिवाणखान्यात ठेवतात आणि महिन्याभरात पाने गळाली की माती रिकामी करतात. दोघांचीही चूक एकच आहे, असे मला वाटते. “शोभेची” हा शब्द ऐकताच आपले पाहणे थांबते. झाड कोणते, कुठले, त्याची फळे अशी वर का पाहतात, त्याला काय हवे, हे पुढचे प्रश्न आपण विचारतच नाही. या झाडाची ओळख आणि त्याची निगा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्याला ते नीट ओळखता आले, त्याला निगेचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते ओळखीतूनच निघतात. आणि ज्याने ते ओळखले, तो त्याला नुसती शोभेची वस्तू म्हणून वागवू शकत नाही.

सुरुवात नावापासून करू. “शोभेची मिरची” अशी वनस्पतिशास्त्रात कोणतीही स्वतंत्र जात नाही. रोपवाटिकेत या नावाने विकली जाणारी बहुतेक झाडे कॅप्सिकम ॲन्युअम या जातीची असतात. आणि आपली ब्याडगी, ज्वाला, भजीची लांब मिरची, भाजीची ढोबळी मिरची हीसुद्धा सगळी त्याच जातीची आहेत. म्हणजे कुंडीतली ती रंगीत मिरची आणि मसाल्याच्या डब्यातले लाल तिखट यांचे नाते चुलत-मावसही नाही, सख्खे आहे. मग वेगळेपण कशात? झाड बुटके आणि दाट, फळे लहान आणि पुष्कळ, बरेचदा घोसाने आलेली, पानांच्या वर उचललेली, पिकताना तीन-चार रंग बदलणारी आणि पिकल्यावरही आठवडेच्या आठवडे झाडावर टिकणारी. यातले कोणतेही एक लक्षण मात्र पुरेसे नाही. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाची ‘पंत सी-१’ ही निखळ शेतातली मिरची, तिची फळे उभीच असतात. केरळातली तिखटजाळ कांतारी मुळक हीसुद्धा आकाशाकडे तोंड करूनच वाढते, आणि तिला कोणी शोभेची म्हणत नाही. थोडक्यात, “शोभेची” हे झाडाचे वर्णन नाही, आपण त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन आहे.

मिरचीच्या बाबतीत नावांनी माणसाला फसवण्याची परंपरा जुनी आहे. मुळात ‘मिरची’ हा आपला शब्दच ‘मिरी’वरून आला, नव्या पाहुणीला जुन्या तिखटाचे नाव मिळाले. ही वनस्पती अमेरिका खंडातली. कोलंबसाने 1493 मध्ये तिची नोंद केली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. ती इतकी पटकन इथली झाली, की 1542 मध्ये लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने आपल्या वनस्पतिग्रंथात मिरचीची चित्रे छापली, तेव्हा तिला ‘कालिकतची मिरी’ म्हटले. ती हिंदुस्थानातूनच आली असा त्याचा समज होता. पुढे 1753 मध्ये लिनियसने ‘ॲन्युअम’, म्हणजे वर्षायू, असे नाव दिले. युरोपच्या हिवाळ्यात झाड एका वर्षात मरते, तोच अनुभव त्या नावात उतरला. उबदार हवेत मात्र हे झाड बहुवर्षायू आहे. 1776 मध्ये निकोलाउस फॉन जॅक्विन याने दुसऱ्या एका जातीला ‘चायनेन्स’, म्हणजे चीनची, असे नाव दिले, तीही अमेरिकेचीच. नामवंत अभ्यासकांची ही कथा, तर रोपवाटिकेतल्या चिठ्ठीचा काय भरवसा? म्हणून नाव ऐकून थांबू नये, झाडाजवळ जाऊन पाहावे.

जवळ जाऊन पाहायचे ते फूल. फळ रंगाने भुलवते, फूल भुलवत नाही. कॅप्सिकम ॲन्युअमचे फूल नखाएवढे असते, पाच-सहा पाकळ्यांचे, बहुतेक वेळा दुधी पांढरे. एका पेरावर सहसा एकच फूल येते. घोसाने फळणाऱ्या वाणांत अनेक येतात, तो अपवाद. पाकळ्यांच्या मध्यावर निळसर-जांभळट परागकोश सुटे सुटे उभे असतात. पाकळीच्या बुडाशी पिवळसर-हिरवे ठिपके दिसले, तर झाड बॅकॅटम जातीचे. फूल हिरवट पांढरे, एकेका पेरावर दोन-तीन आणि फळे टोकदार, उभी असतील, तर कांतारीची जात फ्रुटेसेन्स. फळाच्या टोपीखाली देठाला दोरा आवळल्यासारखी खाच दिसली, तर चायनेन्स. फूल जांभळे असले तर जरा थांबावे. पाने लवदार आणि बी काळे असेल, तर ती अँडीज पर्वतातली प्युबेसेन्स. पण पाने गुळगुळीत आणि बी फिकट पिवळे असेल, तर ती आपली ॲन्युअमच, फक्त जांभळ्या रंगद्रव्याची. हे सगळे पाहायला भिंग लागत नाही. सकाळचे ऊन, उलटे धरलेले एक फूल आणि दोन मिनिटांचा धीर एवढे पुरते. या दोन मिनिटांत झाड ‘रंगीत वस्तू’ राहत नाही, त्याला कुळ आणि घर मिळते.

ओळख हा नुसता हौसेचा विषय नाही, हे एका तोतयामुळे कळते. सोलॅनम स्यूडोकॅप्सिकम हे दक्षिण अमेरिकेतलेच एक झुडूप शोभेसाठी जगभर नेले गेले; आपल्याकडे निलगिरी आणि हिमालयाच्या थंड भागांत ते रानातही पसरले आहे. इंग्रजीत त्याला जेरुसलेम चेरी म्हणतात. त्याचा जेरुसलेमशी आणि चेरीशी काही संबंध नाही. लिनियसने दिलेल्या जातिवाचक नावाचा अर्थच ‘खोटी मिरची’. त्याची नारिंगी-लाल गोल फळे गोल मिरचीसारखीच दिसतात. आणि ती विषारी असतात. फरक ओळखायचा तर एक फळ सुरीने आडवे चिरावे. मिरची आतून पोकळ असते. मधे पांढरा गाभा, त्याला चिकटलेल्या चपट्या बिया आणि भोवती मोकळी हवा. म्हणूनच वाळलेली मिरची कानाशी हलवली की खुळखुळते. खोट्या मिरचीत पोकळी नसते. टोमॅटोसारखा ओला गर आणि त्यात रुतलेल्या बिया असतात. फुलातही खूण आहे: खऱ्या मिरचीचे निळसर परागकोश सुटे, तर खोट्या मिरचीचे पिवळे-नारिंगी परागकोश शंकूसारखे एकत्र आलेले. दोन्ही झाडे एकाच कुळातली. त्या कुळात वांगे, टोमॅटो, बटाटा आहेत, तसाच धोतराही आहे. एकाच कुळात अन्न आणि विष शेजारी नांदत असताना “असेल काहीतरी शोभेचे” असे म्हणून पुढे जाणे हा निष्काळजीपणा आहे.

आता त्या उभ्या मिरच्यांकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. आपल्याला वाटते, माणसाने शोभेसाठी मिरची वर वळवली. इतिहास जवळजवळ उलट आहे. मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आजही रानात वाढणारी चिल्टेपिन मिरची पाहिली, तर ती वाटाण्याएवढी, लाल आणि उभी असते. रानमिरचीला फळ झाकायचे नसते, दाखवायचे असते, आणि दाखवायचे असते ते पाखरांना. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्याचा. उंदरासारख्या सस्तन प्राण्यांना आणि माणसाला तो भाजतो, कारण आपल्या मज्जातंतूंतला उष्णता ओळखणारा एक ग्राही त्याला आग समजतो. हा ग्राही 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि त्या कामासाठी त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांचा हाच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. त्यांना मिरची तिखट लागतच नाही. 2001 मध्ये जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान यांनी ॲरिझोनातल्या रानमिरच्यांवरील अभ्यासात दाखवले, की पक्ष्याच्या पोटातून गेलेले बी रुजते, तर चावून खाणाऱ्या प्राण्यांच्या पोटातून गेलेले रुजत नाही. म्हणजे तिखटपणा हा नको असलेल्या पाहुण्यांसाठी लावलेला अडसर आहे आणि लाल रंग हे हव्या असलेल्या पाहुण्याला दिलेले आवतण.

शेतकऱ्याने मिरची आपलीशी केली तेव्हा पाखरे ही त्याच्या पिकाची चोर झाली. पिढ्यान्‌पिढ्या त्याने मोठ्या, जड, खाली लोंबणाऱ्या आणि पानाआड दडणाऱ्या फळांचे बी राखले. ताटातली लांब मिरची म्हणजे मान खाली घातलेली मिरची. शोभेच्या वाणांत मात्र ती मान वरच राहिली. या अर्थाने, आपण जिला कृत्रिम समजतो त्या मिरचीने रानाची एक जुनी खूण ताटातल्या मिरचीपेक्षा जास्त निष्ठेने जपली आहे. आपल्याला सुंदर वाटते ती तिची उभी ठेवण मुळात आपल्यासाठी नव्हतीच. बुलबुलासाठी आणि त्याच्या अमेरिकन भाईबंदांसाठी असलेली ती खूण आपण मधेच वाचली आणि मोहित झालो. शोभा म्हणजे वरवरचा साज, असे आपण सहज म्हणतो. इथे ती झाडाच्या जगण्याचीच रीत होती.

यावर कोणी म्हणेल, ही रानाची भाषा जरा जास्तच झाली. आजचे वाण तर सरळसरळ प्रयोगशाळेत आणि पैदास केंद्रांत घडवलेले आहेत. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. रानमिरचीचे पिकलेले फळ चोचीच्या हलक्या ओढीने सुटते. शोभेच्या मिरचीचे फळ देठाला घट्ट धरून राहते, ती माणसाची निवड. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाने आपल्या शताब्दीला, 1988 मध्ये, ‘न्यूमेक्स सेंटेनियल’ हे वाण दिले. जांभळ्यापासून पिवळ्या-नारिंगीतून लालपर्यंतचे सगळे रंग एकाच वेळी मिरवणारे. मेरिलँडमधील बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात रॉबर्ट ग्रीसबाक आणि जॉन स्टॉमेल यांनी ‘ब्लॅक पर्ल’ घडवले. काळी पाने आणि काळ्या मोत्यांसारखी गोल फळे असलेल्या या वाणाला 2006 मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा पुरस्कार मिळाला. पण घडवले म्हणजे नेमके काय केले? बाहेरचा रंग आणून ओतला नाही. कच्च्या फळातला जांभळा रंग अँथोसायनिनचा. त्याच्याखाली हरितद्रव्य गडद असले की डोळ्याला काळे दिसते. फळ पिकू लागले की दोन्ही विरतात आणि कॅरोटिनॉइड कुळातली पिवळी, नारिंगी, लाल द्रव्ये वर येतात. एकाच फांदीवरची फळे वेगवेगळ्या वयाची असतात, म्हणून एकाच वेळी चार रंग दिसतात. आपण ज्याला रंगसंगती म्हणतो ती वास्तविक वयांची रांग आहे: जांभळी सर्वांत लहान, लाल सर्वांत थोरली. पैदासकाराने झाडात होते तेच निवडून ठळक केले. आणि हे वाचता आले की कुंडीकडे पाहून बहर चढता आहे की उतरता, हेही सांगता येते.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे आणि म्हणून अधिक वजनदार. शहरातल्या घराला मिळून एक खिडकी, फार तर तीन हातांची बाल्कनी. तिथे चार कुंड्या मावतात. मग फोडणीला लागेल अशी मिरची लावावी, की नुसती बघायची? उपयोगाला शोभेपेक्षा मान देणारा हा विचार आपल्या मातीतला आहे आणि तो हिणवण्यासारखा नाही. पण त्यात एक गृहीतक दडले आहे: मिरचीचा उपयोग म्हणजे फक्त खाणे. आपल्या घरांनी तरी असे कधी मानले? दुकानाच्या उंबरठ्यावर लिंबासोबत दोऱ्यात ओवलेल्या मिरच्या कोणी खात नाही. लेकराची दृष्ट काढताना मीठ-मोहरीबरोबर ओवाळून आगीत टाकलेल्या लाल मिरच्यांना चवीशी देणेघेणे नसते. तिच्या रूपात, रंगात आणि झणक्यात काही सामर्थ्य आहे, हे आपण केव्हाच मान्य केले आहे. युरोपातही मिरची आधी बागेत रुजली आणि मग स्वयंपाकघरात शिरली. 1613 मध्ये बासिलिउस बेस्लर याने आइशटेटच्या धर्मगुरूंच्या बागेतल्या झाडांचा जो भव्य चित्रग्रंथ छापला, त्यात गुलाब-लिलींच्या बरोबरीने मिरच्यांची चित्रे आहेत.

उपयोग आणि शोभा यांची भिंत किती कच्ची आहे, हे एका मिरचीच्या चरित्रातून दिसते. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी, बाल्टिमोर भागात, कृष्णवर्णीय स्वयंपाकी एकोणिसाव्या शतकात एक मिरची वापरत. तिला ‘फिश पेपर’ म्हणजे मासळीची मिरची म्हणत. पानांवर पांढरे शिंतोडे, कोवळी फळे सायीच्या रंगाची. हा फिकटपणा सुंदर होता म्हणून नव्हे, कामाचा होता म्हणून जपला गेला: मासळीच्या आणि कालवांच्या पांढऱ्या रश्शात ही मिरची घातली तर रंग बिघडत नसे. विसाव्या शतकात ती जवळजवळ नाहीशी झाली. होरेस पिपिन या चित्रकाराला सांधेदुखीवर मधमाश्यांचे डंख घ्यायचे होते. ते मिळावेत म्हणून तो एका मधपाळाला जुन्या बियाण्यांच्या पुड्या देई, त्यांत हीही होती. मधपाळ वारला. पुढे त्याचा नातू, खाद्येतिहासाचा अभ्यासक विल्यम वोइस वीव्हर, याला ते बी गोठणपेटीत सापडले आणि 1995 मध्ये त्याने ते बीजसंग्राहकांना खुले केले. आज तीच मिरची रोपवाटिकांतून शोभेची म्हणून विकली जाते. तिचा फिकटपणा रश्शासाठी होता, आता डोळ्यांसाठी आहे. झाड बदलले नाही. उद्या ते पुन्हा रश्शात जाईल. बी जिवंत राहिले ते एका माणसाने ते उपयोगाच्या हिशेबाबाहेर ठेवले म्हणून. तुमच्या चौथ्या कुंडीचे उत्तर मला इथे सापडते.

आता निगा. झाड उष्ण, उजेडी प्रदेशातले आहे हे ओळखले, की पहिली चूक टळते: ते दिवाणखान्याचे झाड नाही. त्याला रोज सहा तास तरी थेट ऊन हवे. पाहुणे येणार म्हणून दोन दिवस आत आणले तर चालेल. महिनाभर सावलीत ठेवले तर ते पाने गाळते, फांद्या लांबवते, आणि काळ्या पानांचे वाण हिरवट पडते, कारण तो गडद रंग उन्हातच चढतो. आत ठेवायचेच झाले तर पिकत्या केळ्या-आंब्यांपासून दूर ठेवावे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि शोभेच्या मिरचीला तो सोसत नाही; कारण न कळता पाने-फळे गळतात. दुसरी चूक पाण्याची. वरची बोटभर माती कोरडी झाली की तळातून वाहेपर्यंत द्यावे, मग पुन्हा कोरडी होईपर्यंत थांबावे. दुपारच्या उन्हात पाने मलूल झाली म्हणून लगेच तांब्या उचलू नये. माती ओली असेल तर झाड तहानलेले नसून उन्हापासून अंग चोरते आहे, संध्याकाळी आपोआप सावरते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, म्हणून मातीत शेणखताबरोबर वाळू किंवा कोकोपीट हवे आणि कुंडीला भोक. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसात ही कुंडी वळचणीखाली सरकवावी. आपल्याकडे पावसाचा जोर ओसरल्यावर लावलेले रोप थंडीत रंगावर येते, कारण मिरचीला उबदार दिवस आणि किंचित गार रात्री मानवतात. एप्रिल-मेच्या काहिलीत फुले गळाली तर खत वाढवू नये. तो उपासमारीचा नाही, उष्म्याचा परिणाम असतो, आणि जादा नत्राने नुसता पाला माजतो.

निगेचा सर्वांत महत्त्वाचा भाग पानाच्या पाठीवर लिहिलेला असतो. आठवड्यातून एकदा कोवळे पान उलटे करून पाहावे. शेतकरी ज्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो, तो रोग कुंडीतही येतो, आणि पान कोणत्या बाजूला वळले यावरून दोषी ओळखता येतो. कडा वर वळून पान होडीसारखे झाले तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून ते उलट्या होडीसारखे लांबट झाले तर कोळी. पांढरी माशी उडाली आणि पाने लहान, पिवळट, गुच्छासारखी झाली, तर विषाणू शिरला आहे. त्या झाडाला औषध नाही, शेजारच्या कुंड्यांसाठी ते काढून टाकणेच इष्ट. मावा, फुलकिडे, कोळी यांना सुरुवातीला पाण्याची जोरदार फवार आणि पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळदा पुरतो. मात्र फवारणी उन्हात करू नये आणि फुलोऱ्यावर मधमाश्या असताना तर मुळीच करू नये. पान उलटे करून पाहणारा माणूस रोग पहिल्या आठवड्यात पकडतो. फक्त फळांकडे पाहणाऱ्याला तो पाने गळाल्यावर कळतो. मधल्या तीन आठवड्यांत झाड जाते ते किडीमुळे आणि तितकेच आपल्या न पाहण्यामुळे.

आता तो कळीचा प्रश्न, खायची की नाही. जात ॲन्युअम आहे, म्हणून फळ विषारी नाही. पण शोभेसाठी विकलेल्या रोपावर खाद्यपिकाला न चालणारी कीडनाशके किंवा वाढ रोखणारी द्रव्ये वापरलेली असू शकतात. म्हणून विकत आणलेल्या झाडाची आहे ती फळे खाऊ नयेत. त्यांच्या बियांतून घरी वाढवलेल्या झाडाची खावीत. चव साधारण, तिखटपणा मात्र बऱ्याच वाणांत कडक असतो. घरात रांगते मूल किंवा कुत्रे-मांजर असेल तर भीती रास्त आहे, कारण ही रंगीत फळे बरोबर त्यांच्या नजरेच्या उंचीवर येतात. त्यावर झाडच न लावणे हा एक मार्ग; कुंडी उंच टांगणे हा दुसरा; आणि मुळात तिखट नसलेले वाण निवडणे हा तिसरा. 2002 मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचाच पुरस्कार मिळालेले ‘चिली चिली’ हे वाण नेमके या काळजीतूनच पुढे आले. फळ चिरल्यावर हात साबणाने धुवावेत, आधी थोडे तेल चोळून. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आणि झोंबते ते बी, हा समजही सोडावा. तिखट तयार होते पांढऱ्या गाभ्यात. बी त्याला लागून असते म्हणून तेवढे बदनाम.

शेवटी, फळे सुरकुतली, पाने विरळ झाली की झाड संपले असे समजून कुंडी रिकामी करण्याची घाई. ‘वर्षायू’ हे लिनियसच्या थंड देशाचे नाव आपण आपल्या उबदार अंगणात का खरे करावे? वाळकी फळे काढून फांद्या निम्म्याने छाटाव्यात, वरची माती उकरून मूठभर गांडूळखत घालावे आणि पंधरवडा फक्त बेताचे पाणी द्यावे. पेरांतून नवे फुटवे येतात, आणि दोन-तीन वर्षे हे झाड पुन्हा पुन्हा रंगात येते, खोडाला लाकूड धरते. बी राखायचे असेल तर पूर्ण लाल झालेले फळ घ्यावे, बिया सावलीत वाळवाव्यात. शेजारी दुसरी मिरची असेल तर मधमाश्या परागांची अदलाबदल करतात, म्हणून फुलण्याआधी एका फांदीला मलमलीची पिशवी बांधावी. संकरित वाणाचे बी आईसारखे निघणार नाही. त्यातून काय निघेल हे पाहण्यातही पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

माझे मागणे एवढेच आहे. पुढच्या वेळी रोपवाटिकेत ती कुंडी दिसली, तर “खायची की शोभेची?” हा प्रश्न जरा मागे ठेवा. एक फूल उलटे करून पाहा, एका पानाची पाठ पाहा, एक फळ चिरून पाहा. मग घरी न्या, उन्हात ठेवा, आणि रंग उतरल्यावर टाकू नका, छाटा. एखाद्या सकाळी बुलबुल येऊन एखादी लाल मिरची खेचून नेईल; नेऊ द्या. ती त्याच्यासाठीच वर पाहत होती.